उशिरा आलेल्या शब्दाची गोष्ट

आमच्या संस्थेतली जुनी टेलिफोन यंत्रणा काही वर्षांपूर्वी मोडीत काढायची ठरली. जिन्याखालच्या खोलीत कपाटाएवढे ईपीएबीएक्स होते. तिथून प्रत्येक टेबलापर्यंत तांब्याच्या तारेची एकेक जोडी गेलेली होती आणि कोणती जोडी कोणाची, हे फक्त एका तंत्रज्ञांच्या डोक्यात होते. ते निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर तो नकाशाही गेला. संगणकाची तार मात्र प्रत्येक टेबलापर्यंत पोचलेलीच होती. तेव्हा त्याच तारेवर चालणारे, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीने बोलणारे फोन घ्यावेत असे ठरले. समिती नेमली गेली आणि तीत आम्हांलाही घातले. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट असलेल्या माणसाला कोणत्याही तारेतले सगळे कळते, असा कार्यालयांतून एक समज असतो.

फोन टेबलांवर मांडायला दोन दिवस लागले. ते नीट बोलते व्हायला दीड महिना लागला. अडचण मोठी विचित्र होती. सकाळी नऊ-साडेनऊला आवाज स्वच्छ असे. अकराच्या सुमारास तो तुटू लागे. 'उद्याची बैठक' ऐकू येई, 'वाजता आहे' हेही ऐकू येई आणि मधला आकडा नेमका गळे. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा सगळे ठीक. जाळ्याची देखरेख करणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्याने आलेख काढून दाखवला : दोन इमारतींना जोडणारी तार सरासरीने एक चतुर्थांशाहून जास्त कधीच भरत नव्हती. तीन चतुर्थांश रस्ता मोकळा, आणि तरी गाडी अडकते!

उत्तर शोधता शोधता फोनच्या छोट्या पडद्यावरची सेटिंगची यादी आम्हांला पाठ झाली. हळूहळू असेही ध्यानात आले की त्या यादीतली जवळजवळ प्रत्येक ओळ म्हणजे एखाद्या जुन्या वादाचा निकाल आहे. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा वाद १९७० च्या दशकातला. प्रश्न साधा होता : हरवलेला शब्द जास्त वाईट की उशिरा आलेला?

एका संभाषणाला एक रस्ता

आधी जुना फोन पाहू. बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले मार्च १८७६ मध्ये. १८८२ साली मुंबईतही टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले होते. एक्स्चेंजमध्ये बसलेली व्यक्ती तुमच्या तारेचे टोक दुसऱ्याच्या तारेला जोडून देई. पुढे अमेरिकेतल्या आल्मन स्ट्रोजर यांनी हे काम यंत्राकडे सोपवले. त्यांचे पेटंट १८९१ चे. स्ट्रोजर यांचा व्यवसाय अंत्यविधींची व्यवस्था करण्याचा होता. गावातली ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते अशा संशयाने त्यांनी हा शोध लावला असे सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, माणूस असो वा यंत्र, काम एकच : बोलणे सुरू होण्यापूर्वी इथपासून तिथपर्यंत एक अखंड रस्ता बांधायचा आणि फोन खाली ठेवेपर्यंत तो या दोघांसाठी राखून ठेवायचा. दोघे गप्प बसले तरी रस्ता त्यांचाच. आगगाडीचा अख्खा डबा एका प्रवाशासाठी राखून ठेवावा तसा हा प्रकार, खर्चिक पण निर्धास्त.

आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याची कल्पना इंटरनेटहून बरीच जुनी आहे. अ‍ॅलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने पॅरिसमध्ये काम करताना १९३८ साली तिचे पेटंट घेतले. टेलिफोनवरच्या बोलण्यात साधारण ३४०० हर्ट्झपर्यंतच्या लहरी पुरतात. एखादी लहर पुन्हा जशीच्या तशी उभी करायची तर तिच्यातल्या सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेळा तिची उंची मोजावी लागते. हॅरी नायक्विस्ट यांचे १९२८ चे आणि क्लॉड शॅनन यांचे १९४९ चे लेखन या नियमामागे आहे. म्हणून सेकंदाला ८००० मापे घ्यायची आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहायचे. गुणाकार केला की येतात सेकंदाला ६४,००० बिट. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे. १९६२ पासून अमेरिकेत एक्स्चेंजांमधल्या मोठ्या तारांवर असा आकड्यांतला आवाज धावू लागला. रस्ता मात्र अजूनही राखीवच होता.

पाकिटे

हा राखीव रस्ताच नको, असे म्हणणारे पहिले दोघे म्हणजे अमेरिकेतल्या रँड संस्थेतले पॉल बॅरन आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतले डोनाल्ड डेव्हिस. बॅरन यांना अणुहल्ल्यानंतरही तग धरणारे संदेशजाळे हवे होते. त्यांचे लेखन १९६४ साली अनेक खंडांत प्रसिद्ध झाले. कल्पना अशी : संदेशाचे लहान लहान तुकडे करा, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहा आणि द्या सोडून. वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर यंत्राने पत्ता वाचावा आणि त्या क्षणी जो रस्ता मोकळा असेल त्याने पुढे पाठवावे. डेव्हिस यांनी थोड्या उशिराने, पण स्वतंत्रपणे हेच सुचवले आणि या तुकड्यांना 'पॅकेट' हे नाव दिले. आपण त्यांना पाकिटे म्हणू. पोस्टाच्या पाकिटाशी त्यांचे साम्यही आहेच. बॅरन यांनी अमेरिकेच्या बलाढ्य टेलिफोन कंपनीला, म्हणजे एटी अँड टीला, हे पटवून देण्याचा खूप प्रयत्न केला, पण ती तयार झाली नाही. ज्यांचे सारे आयुष्य राखीव रस्ते बांधण्यात गेले, त्यांना रस्ताच नसलेला फोन ही कल्पना कशी पचावी?

ऑक्टोबर १९६९ मध्ये आर्पानेट या जाळ्यावरून पहिला संदेश गेला. त्यावर संगणकांची माहिती धावत होती आणि माहितीला एकच गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे अचूकपणा. पगाराच्या आकड्यातला एक अंक हरवून चालत नाही. म्हणून पाकीट पोचले की पावती यायची. पावती आली नाही तर पाकीट पुन्हा पाठवायचे. पाच क्रमांकाचे पाकीट वाटेत हरवले तर सहा, सात, आठ हजर असूनही त्यांना दाराशी थांबवून ठेवायचे आणि पाच आले की मगच सर्वांना क्रमाने आत घ्यायचे. माहितीच्या दृष्टीने ही शिस्त आदर्श होती.

आता याच शिस्तीत आवाज पाठवून पाहा. पाचवे पाकीट म्हणजे एका शब्दातला पन्नासावा भाग. तो हरवला तर ऐकणाऱ्याच्या कानाला कळणारही नाही. पण तो परत मागवायचा म्हणून पुढचे सगळे बोलणे अडवून धरले, तर समोरचा माणूस अर्धा सेकंद मुका होतो आणि मग एकदम बोलू लागतो. एवढ्यात आपण 'हॅलो, हॅलो' केलेले असते.

हे ज्यांनी सर्वांत ठामपणे मांडले ते डॅनी कोहेन. जन्म इस्रायलमधला, काम कॅलिफोर्नियातल्या माहितीशास्त्र संस्थेत. त्याआधी त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात संगणकाच्या पडद्यावर विमानोड्डाणाचा आभास निर्माण केला होता. वैमानिकाने सुकाणू वळवले आणि पडद्यावरचे क्षितिज दोन सेकंदांनी वळले तर ते चित्र कितीही अचूक असले तरी निरुपयोगी. वेळेला किती किंमत असते हे त्यांना तिथे कळले असणार, असा आमचा अंदाज आहे. कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्पानेटवरून आवाज पाठवण्याचे नियम तयार केले. ऑगस्ट १९७४ मध्ये पहिली चाचणी झाली. बोलणे जेमतेम समजण्यासारखे होते.

अडचण वेळेची होती तशी जागेचीही होती. आर्पानेटच्या तारांची क्षमता सेकंदाला ५०,००० बिट, आणि मघाचा आपला आकडा ६४,०००. म्हणजे अख्खी तार देऊनही एक संभाषण मावत नव्हते! इथे मदतीला आले आवाजाचे एक वेगळेच शास्त्र, आणि त्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. बिष्णु अटल यांचा जन्म कानपूरचा, शिक्षण लखनौ विद्यापीठात आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत. १९६१ पासून ते अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत काम करत होते. आवाज म्हणजे घशापासून ओठांपर्यंतच्या नळीत घुमणारी हवा. नळीचा आकार एका क्षणात फारसा बदलत नाही. म्हणून लहरीचे पुढचे माप आधीच्या काही मापांवरून बऱ्यापैकी ओळखता येते. मग प्रत्येक माप कशाला पाठवायचे? नळीचा आकार सांगणारे थोडे आकडे पाठवावेत आणि पलीकडच्या संगणकाने आवाज नव्याने घडवावा. अटल आणि मॅनफ्रेड श्रोडर यांनी बेल प्रयोगशाळेत, आणि जपानमध्ये फुमितादा इताकुरा आणि त्यांच्या सहकाऱ्याने, १९६० च्या दशकातच ही पद्धत विकसित केली होती. तिने ६४,००० बिटांचे काम काही हजार बिटांवर आले. डिसेंबर १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोलेटाहून देशाच्या दुसऱ्या टोकाला, मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्झिंग्टनला, पाकिटांतून खरेखुरे दुतर्फा संभाषण झाले. आपला आजचा मोबाइल फोनही घशाच्या नळीचेच गणित करतो.

पण या लेखाच्या दृष्टीने पुढची घटना अधिक मोलाची आहे. त्या काळी इंटरनेटचे सारे नियम टीसीपी नावाच्या एकाच प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे यंत्रांच्या आपसातल्या बोलण्याच्या एकाच नियमावलीत, बांधलेले होते. पत्ता वाचून पाकीट पुढे नेणेही त्यातच आणि पावत्या, फेरपाठवणी, क्रम हेही त्यातच. कोहेन यांचे म्हणणे असे की पावत्यांचा हा कारभार ज्याला हवा त्याने घ्यावा, आवाजावर त्याची सक्ती नको. १९७८ साली व्हिंट सर्फ, जॉन पोस्टेल आणि इतर सहकाऱ्यांच्या चर्चांतून या नियमावलीची फाळणी झाली. नुसते पाकीट पुढे नेणारा भाग वेगळा झाला, त्याला आयपी म्हणू लागले. अचूकपणाची हमी देणारा भाग टीसीपीच राहिला. १९८० मध्ये पोस्टेल यांनी आयपीवर बसणारा तिसरा, अगदी साधा प्रोटोकॉल लिहिला. त्याचे नाव यूडीपी. त्यात पावती नाही, फेरपाठवणी नाही, क्रमाची काळजी नाही. तो दस्तऐवज अवघा तीन पानांचा आहे.

इंटरनेटचे नाव घेताना आपण सहज 'टीसीपी-आयपी' म्हणतो. त्या मधल्या आडव्या रेघेमागे आवाजाने मांडलेले हे भांडण आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. फोन इंटरनेटवर पुढे कधीतरी उपरा म्हणून आला असे सर्वसाधारणपणे समजतात. वस्तुस्थिती उलट आहे. जाळ्याचा आजचा सांगाडा घडवताना फोनचे बोलणे हजर होते.

या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत वाइन आणि दूध अशी उपमा देतात : एक जुनी झाल्याने सुधारते, दुसरे ताजेच हवे. आपल्याकडे वर्गात सांगताना लोणचे आणि दूध म्हणावे. लोणच्याची बरणी चार दिवस उशिरा आली तरी बिघडत नाही, फुटता मात्र कामा नये. दुधाची पिशवी आज आली नाही तर आज चहा नाही. पण आजची पिशवी परवा आणून देणाऱ्या दूधवाल्याला आपण काय म्हणू?

वर्गात करून पाहण्याजोगे

हा फरक विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी संगणक लागत नाही. वीस शब्दांचे एक वाक्य घ्या. प्रत्येक शब्द एका चिठ्ठीवर क्रमांकासह लिहा. वर्गाच्या एका टोकाला पाठवणारा, दुसऱ्या टोकाला वाचणारा, मध्ये आठ-दहा मुले. पाठवणाऱ्याने दर दोन सेकंदांनी एक चिठ्ठी सोडायची आणि मधल्या मुलांनी ती हवी त्या वाटेने पुढे द्यायची. वाचणाऱ्याच्या शेजारी घड्याळ घेतलेला एक जण उभा करा. त्याने दर दोन सेकंदांनी टाळी वाजवायची आणि त्या टाळीला ज्या क्रमांकाची पाळी असेल तोच शब्द मोठ्याने वाचायचा. पाळी निघून गेल्यावर आलेली चिठ्ठी फाडून टाकायची. पहिल्या खेपेला निम्मे वाक्य गळून जाईल. आता दुसऱ्या खेपेला वाचणाऱ्याला सांगा की पहिली चिठ्ठी हाती आल्यावर लगेच वाचू नकोस, तीन टाळ्या थांब आणि मग सुरुवात कर. वाक्य जवळजवळ संपूर्ण वाचून होते! थोडा उशीर मुद्दाम पत्करला की कमीजास्त उशिराची धसफस झाकली जाते. फोनमध्येही पाकिटांचा असा एक राखीव साठा असतो आणि तो किती मिलिसेकंदांचा ठेवायचा ही सेटिंगच्या यादीतली एक ओळ आहे.

मग साठा भरपूर मोठा का ठेवू नये? एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर संभाषण बहुधा सहज वाटते, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. त्यापुढे माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. जुन्या वाचकांपैकी ज्यांनी परदेशी फोन केले असतील त्यांना हा अनुभव आठवेल. पुणे जिल्ह्यात आर्वी येथे १९७१ साली भारताचे उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहापर्यंत जाऊन परत खाली यायला रेडिओलहरींना जवळजवळ पाव सेकंद लागतो. प्रकाशाच्या वेगापुढे कोणत्याही सेटिंगचा इलाज नाही.

एक्स्चेंज कुठे गेले?

१९८० नंतरची पंधरा वर्षे पाकिटांतला आवाज प्रयोगशाळांतच राहिला. फेब्रुवारी १९९५ मध्ये व्होकलटेक या इस्रायली कंपनीने घरच्या संगणकावरून बोलण्यासाठी प्रोग्राम विकायला काढला, तेव्हा तो प्रथम सामान्य माणसाच्या हाती आला. जानेवारी १९९६ मध्ये आरटीपी हा प्रोटोकॉल प्रसिद्ध झाला. आपल्या चिठ्ठ्यांवरचे क्रमांक आणि वेळ म्हणजेच आरटीपी. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने जनतेसाठी इंटरनेट खुले केले, पण त्यावरून टेलिफोनसारखे बोलणे १ एप्रिल २००२ पर्यंत नियमबाह्य होते. परदेशी फोनचे दर तेव्हा असे होते की अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलाशी आईवडील घड्याळ समोर ठेवून बोलत. २००२ साली संगणकावरून परदेशच्या फोनशी बोलायला परवानगी मिळाली. देशातल्या साध्या फोनशी इंटरनेटवरून बोलण्याची वाट २०१८ साली मोकळी झाली. तंत्र तयार असणे आणि ते वापरायला मिळणे यांत किती वर्षे जाऊ शकतात, याचे हे एक उदाहरण.

जाळ्याची तार थेट जोडता येईल असा कार्यालयीन टेबलफोन आणणाऱ्या पहिल्या काही कंपन्यांत टेक्सासमधली सेल्सियस ही एक. १९९८ साली सिस्को कंपनीने ती विकत घेतली. पुढच्याच वर्षी मार्क स्पेन्सर या तरुणाने अलाबामातल्या हंट्सव्हिल येथे एक लहानशी संगणकसेवा सुरू केली. त्याला कार्यालयासाठी ईपीएबीएक्स हवे होते आणि किंमत परवडत नव्हती. म्हणून त्याने साध्या संगणकावर चालणारे एक्स्चेंज स्वतःच लिहिले आणि ॲस्टेरिस्क या नावाने सर्वांसाठी फुकट खुले केले. जिन्याखालचे कपाट म्हणजे शेवटी एक प्रोग्रामच होय, हे त्याने सिद्ध केले. आमच्या संस्थेने त्याच वंशातला एक प्रोग्राम वापरला. अर्थात कारण तेच : किंमत.

मार्च १९९९ मध्ये सिप हा प्रोटोकॉलही प्रसिद्ध झाला. हेनिंग शुल्झरिन, मार्क हँडली आदींनी तो इंटरनेटवरच्या बैठकांना आणि व्याख्यानांना लोकांना आमंत्रण देण्यासाठी रचायला घेतला होता. त्यामुळे त्याचा पहिला संदेशच 'इन्व्हाइट', म्हणजे आमंत्रण. समोरचा फोन १८० हा आकडा पाठवतो, म्हणजे घंटी वाजते आहे. २०० म्हणजे फोन उचलला. ४८६ म्हणजे दुसऱ्याशी बोलतो आहे. आणि असा कोणी इथे नाही याचा आकडा ४०४. इंटरनेटवर हरवलेले पान शोधताना दिसतो तोच हा आकडा, कारण सिपच्या रचनाकारांनी ती पद्धत तिथूनच घेतली. आमंत्रण स्वीकारले गेले की बहुधा मधला संगणक बाजूला होतो आणि आवाजाची पाकिटे एका फोनकडून दुसऱ्याकडे थेट जातात. पूर्वी सारी हुशारी एक्स्चेंजमध्ये असे आणि टेबलावरचा फोन अडाणी असे. आता हुशारी टेबलावर आली.

त्यामुळे नवा फोन भिंतीतल्या खोबणीत जोडला की तो काय करतो हे पाहण्यासारखे असते. आधी त्याला त्याच तारेतून वीज मिळते. मग तो जाळ्याला विचारतो, 'मी कोणत्या गटातला?' उत्तर आले की दुसरा प्रश्न : 'माझा पत्ता काय, आणि माझी सेटिंग कुठे ठेवली आहेत?' पत्ते वाटण्याची ही पद्धत, डीएचसीपी, १९९३ ची. सांगितलेल्या ठिकाणाहून तो आपली सेटिंग उतरवून घेतो आणि शेवटी मुख्य संगणकाकडे नोंद करतो : 'मी २१७ क्रमांक, सध्या या पत्त्यावर आहे.' ही नोंद तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा करत राहतो. म्हणून फोन उचलून दुसऱ्या मजल्यावर नेला तरी क्रमांक तोच. निवृत्त झालेल्या तंत्रज्ञांच्या डोक्यातला नकाशा आता फोन स्वतःच काढतात.

अकरा वाजताचे कोडे

आता आमच्या तुटक्या आवाजाकडे वळू. हिशेब असा. प्रत्येक पाकिटात २० मिलिसेकंदांचा आवाज, म्हणजे १६० बाइट. त्यावर पत्ते आणि क्रमांक यांचे ४० बाइट. सेकंदाला अशी ५० पाकिटे, म्हणजे ८०,००० बिट. आमच्या दोन इमारतींमधल्या तारेची क्षमता सेकंदाला १० कोटी बिट. म्हणजे ढोबळमानाने हजार संभाषणे एका वेळी मावावीत. आमच्याकडे दहाही होत नसत.

गुन्हेगार सापडला तो दुसऱ्या इमारतीतल्या सूक्ष्मदर्शकात. सकाळचे काम उरकले की तिथले विद्यार्थी अकराच्या सुमारास आपली चित्रे मुख्य संगणकाकडे पाठवायला लागत. एकेक चित्र मोठे आणि पाठवणारा संगणक वेगवान. क्षणभर पुराचा लोंढा यावा तशी पाकिटे नाक्यावरच्या स्विचमध्ये शिरत आणि रांग लावून उभी राहत. समजा, १० लाख बाइटांची रांग लागली. ती १० कोटी बिटांच्या वेगाने रिकामी व्हायला ८० मिलिसेकंद लागतात. आवाजाचे बिचारे पाकीट त्या रांगेच्या शेवटी. फोनमधला राखीव साठा आम्ही ठेवला होता ४० मिलिसेकंदांचा. मग पाकीट पोचे, पण पाळी निघून गेल्यावर, आणि फोन ते टाकून देई. पाऊण सेकंदाने लोंढा ओसरे. सरासरीच्या आलेखात हे दिसावे कसे? पाच मिनिटांच्या सरासरीत एका सेकंदाचा पूर मावून जातो. नदीची सरासरी खोली चार फूट आहे म्हणून ती चालत ओलांडणाऱ्या माणसाची गोष्ट आपण मुलांना सांगतोच. ती आम्हांलाच कोणी सांगायला हवी होती.

उपाय जुनाच होता. १९८१ साली आयपीचे नियम लिहिताना प्रत्येक पाकिटाच्या माथ्यावर 'याला उशीर चालणार नाही' असे सांगणाऱ्या एका बिटासाठी जागा राखलेली होती. कित्येक वर्षे तिच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. १९९८ साली कार्यालयीन जाळ्यांसाठी आणखी एक खूणचिठ्ठी ठरली. तिच्यात गटाचा क्रमांक लिहायला १२ बिट आणि अग्रक्रमासाठी ३ बिट, म्हणजे शून्य ते सात अशा आठ पायऱ्या. या गटांना व्हीलॅन म्हणतात. फोनांचा एक गट, संगणकांचा दुसरा आणि फोनच्या पाकिटांना बहुधा पाचवी पायरी. आमचे फोन ही चिठ्ठी पहिल्या दिवसापासून इमानाने लावत होते. दोन इमारतींमधल्या स्विचला मात्र तिच्यावर विश्वास ठेवायला कोणी सांगितलेले नव्हते आणि सांगितल्याशिवाय तो ठेवत नाही. ते बरोबरही आहे. नाहीतर जो तो आपल्या पाकिटावर 'अत्यंत तातडीचे' असा शिक्का मारेल. दोन ओळींचा बदल केला आणि अकरा वाजता आवाज नऊसारखा झाला.

दुसरा घोटाळा आमचाच. टेबलफोनच्या मागे दोन खोबणी असतात : एक भिंतीकडून येणारी, दुसरी संगणकाला पुढे देणारी. एका सुट्टीच्या दिवशी टेबलाखाली लोंबणारी तार आम्ही व्यवस्थितपणाच्या हौसेने भिंतीत खोचून दिली. म्हणजे भिंतीतून निघालेला रस्ता फोनमधून पुन्हा भिंतीतच. 'सर्वांना कळवा' अशी पाकिटे त्या वर्तुळात फिरू लागली, प्रत्येक फेरीला वाढत गेली आणि दहा मिनिटांत मजल्यावरचे सारे जाळे बंद पडले. असली वर्तुळे ओळखून एक दुवा आपोआप बंद ठेवण्याची रीत रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली शोधून काढली आहे. आमच्या स्वस्तातल्या स्विचमध्ये ती होती, पण बंद करून ठेवलेली.

राहिला प्रश्न विजेचा. जुन्या टेलिफोनला एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांकडून तारेतूनच ४८ व्होल्टची वीज मिळे. म्हणून गावातले दिवे गेले तरी फोन लागत असे. जाळ्याच्या तारेतून वीज देण्याचे प्रमाणित तंत्र २००३ साली आले. तेही सुमारे ४८ व्होल्टचेच, एका तारेमागे १५.४ वॅटपर्यंत. पण आता बॅटरी सांभाळायची ती ज्याची त्याने. आमच्या स्विचच्या बॅटऱ्या चाळीस मिनिटे पुरतात. पावसाळ्यात एकदा वीज गेली ती तीन तास. प्रयोगशाळेत कोणी अडकले असते तर अग्निशामक दलाला कळवायला इमारतीतला एकही टेबलफोन जिवंत नव्हता, आणि तळघरात मोबाइलला संकेत मिळत नाही.

त्यानंतर समितीची आणखी एक बैठक झाली. तांब्याच्या जुन्या जोड्यांपैकी एक जोडी अजून बाहेरच्या एक्स्चेंजपर्यंत सलग असल्याचे, निवृत्त तंत्रज्ञांना घरून बोलावून त्यांच्याकडून समजून घेतले. त्यांनी अर्ध्या तासात ती शोधून दिली. ती आता पहारेकऱ्याच्या खोलीत नेली आहे आणि तिच्यावर तबकडीचा काळा फोन आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कोणीतरी तो उचलून आवाज येतो का पाहायचा, अशी नोंद वहीत केली जाते.